गालाच्या पेशीला भिंत नसते

तीर्थरूप मामास,

साष्टांग नमस्कार. (तो तुझ्या वयाला आहे, तुला नाही. वाकून नमस्कार करावा असं तू सध्या काही केलेलं नाहीस.) कंबर कशी आहे? घमेलं उचलताना अजून कळ येते, असं मामी म्हणाली. येऊ दे. माझ्या डोक्यात जी तिडीक गेली आहे, तिच्यापुढे तुझी कळ काहीच नाही.

आज जीवशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा झाली आणि मी नापास झाले. सोमवारी एकदाच फेरपरीक्षा आहे. तीत आपटले तर वर्ष गेलं. आणि हे सगळं तुझ्यामुळे! सुट्टीत मी पुस्तक उघडून रडत बसले होते, तेव्हा "पेशी म्हणजे खोली गं, त्यात काय एवढं?" म्हणत तू हातात थापी घेऊनच शिकवायला बसलास. (गवंड्याला जगात दुसरं काही दिसतच नाही का रे?) केंद्रक म्हणजे मुकादमाची केबिन, तंतुकणिका म्हणजे जनरेटर, रिक्तिका म्हणजे पाण्याची टाकी, आणि भिंतीशिवाय तर खोली उभीच राहत नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा जीवशास्त्र समजलं, तिथेच घात झाला. त्यात कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तुझंच खरं निघालं! भिंतीला भिंत लागून ओळीने खोल्या. मी मैत्रिणींना वर तोंड करून सांगितलं, आमचा मामा म्हणतो तस्संच आहे.

परीक्षेत आल्या गालाच्या पेशी. आपल्याच गालाला आतून दातकोरण्याने खरवडायचं, ते काचपट्टीवर पसरायचं, निळा रंग घालायचा आणि दिसेल ते कागदावर काढायचं. मला दिसले चुरगळलेल्या कागदासारखे निळसर तुकडे आणि प्रत्येकात एक ठिपका. भिंत औषधालाही नाही. शहाण्या मुलीने दिसलं ते काढलं असतं. मी पडले तुझी भाची! रंग कमी पडला असेल म्हणून प्रत्येक पेशीला चांगली जाड, दुपदरी भिंत घातली, कोपरे काटकोनात. सरांनी विचारलं, "गालाच्या पेशीला भिंत?" मी म्हटलं, "भिंत नसेल तर छत कशावर टेकणार, सर?"

मुलं हसली त्याचं काही नाही. पण प्रयोगशाळेतल्या शिपाईकाकांनी हातातल्या बाटल्या आधी सांभाळून खाली ठेवल्या आणि मग हसले. सर म्हणाले, "अगं, प्राण्यांच्या पेशीला नुसतं पातळ पटल असतं. भिंत असती तर गाल असे फुगवता आले असते का?" (मी तेव्हा फुगवलेलेच होते.)

तेव्हा यापुढे माझ्या अभ्यासाच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस. मामीला नमस्कार, धाकटीला पापा.

तुझी, नाइलाजाने,
भाची

ता. क. पेशीविभाजन समजून घ्यायला सरांकडे गेले होते. त्यांनी चित्रं काढून सांगितलं, तीनदा सांगितलं, रागावलेही नाहीत. मला एक अक्षर कळलं नाही.

ता. ता. क. सोमवारी कांद्याच्या मुळाचं टोक आहे. त्यात एका पेशीच्या दोन होतात आणि मधोमध खरोखरच भिंत घालतात. पण ती सुरू होते मध्यापासून! अधांतरी! आणि वाढत वाढत कडेच्या भिंतींना जाऊन भिडते. हे असलं बांधकाम बघून तू जितका भडकशील, तितकं माझ्या डोक्यात राहील. मला पास व्हायचंय रे, मामा. शनिवारी ये आणि माझ्यासमोर बसून या भिंतीला मनसोक्त शिव्या घाल.