सात अंशांचा खांदा

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (अंतरामुळे कागदावरच उरकते आहे, गुडघे तुमचेही दुखतात, आशीर्वादासाठी उठू नका.) तुमचा रक्तदाब, दाढ आणि शेजाऱ्याशी चाललेलं भांडण, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे जेवताना तुम्ही म्हणालात, "ही पोरगी पंपांची चित्रं काढून काढून स्वतःच पंप होणार," आणि तुम्ही हात धुवायच्या आत आईने तुम्हाला दार दाखवलं. तेव्हापासून तुम्हा बहीणभावांचं बोलणं बंद आहे. भांडणाचं कारण मी असल्याने प्रगती कळवणं माझं कर्तव्य: तुमचं भाकीत खरं ठरलं. आमच्या पंप कारखान्याच्या ऑफिसात सुरक्षेच्या फलकासाठी हेल्मेट घातलेला कामगार काढायला सांगितला. मी काढला. साहेबांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "याचं पाणी कुठून बाहेर पडतं?" दुसऱ्याच दिवशी माझं नाव रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात घातलं.

तिथल्या मास्तरांना सगळे खोडरबर म्हणतात. (त्यांच्या हातात पेन्सिल कोणी पाहिलेली नाही.) पहिल्या दिवशी त्यांनी एक म्हातारी काढायला सांगितली. मी समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन दृश्यं काढून मिलिमीटरमध्ये मापं टाकली. ते म्हणाले, "बाई, म्हातारी कारखान्यात पाठवायची नाहीये, ओळखू यायला हवी आहे." मग कळलं की माणूस आधी आकारात असतो: गोल म्हणजे मायाळू, चौकोन म्हणजे हट्टी पण भरवशाचा, त्रिकोण दिसला की जपून. (शास्त्र म्हणून हे अगदीच कच्चं आहे. घरच्यांवर पडताळून पाहिलं तर दुर्दैवाने बरोबर निघालं. आई चौकोन, तुम्हीही चौकोन. दोन चौकोन शेजारी ठेवले की मध्ये फटसुद्धा राहत नाही. तुम्ही दोघांनी भूमितीलाही खोटं पाडलंत.)

पुढे मांडणी. मी प्रत्येक माणूस कागदाच्या बरोबर मधोमध ठेवत होते, कारण मध्य मोजता येतो. खोडरबरांचं म्हणणं, कागदाचे तीन उभे भाग करा, माणूस त्यातल्या एका रेघेवर ठेवा आणि तो जिकडे बघतोय तिकडची जागा मोकळी सोडा. एवढा कागद वाया घालवण्याला काय म्हणतात, असं विचारलं, तर म्हणाले, "श्वास." (आमच्याकडे याला गळती म्हणतात.)

शेवटची परीक्षा अशी की घरचा माणूस काढायचा, आतून सगळा काळा भरायचा आणि तरी तो ओळखू यायला हवा. मी तुम्हाला घेतलं. भावनिक कारण काही नाही. मापं पाठ होती. टाइपरायटर दुरुस्तीची पेटी तीस वर्षं वागवून उतरलेला उजवा खांदा, तो तोल सावरायला डावीकडे कललेली मान, आणि कोणाच्या बापाचं न ऐकणारी हनुवटी. सवयीने खांद्याचा उतारही लिहिला: सात अंश. तुमच्यासमोरचा दोन तृतीयांश कागद कोरा. खोडरबरांनी पहिल्यांदाच काही खोडलं नाही. "हा माणूस दार उघडायची वाट बघतोय," एवढंच म्हणाले. चित्र आता वर्गाच्या भिंतीवर आहे. मला त्याचं विशेष काही नाही.

प्रकृतीला जपा. पेटी अधूनमधून डाव्या हातातही घेत जा.

तुमची भाची,
पंप

ता. क. कामाचं राहिलंच. सात अंश ही खोडरबरांना अतिशयोक्ती वाटते. येत्या रविवारी अकराला वर्गात येऊन चित्राशेजारी उभे राहा, मी कोनमापक आणते. काम निव्वळ तांत्रिक आहे.

आणखी एक ता. क. गेल्या रविवारी आई मला न्यायला आली होती. चित्रातला काळा आकार बघताच "दादा" म्हणाली, आणि त्या कोऱ्या जागेसमोर बराच वेळ उभी राहिली. जिना उतरताना विचारलंन, "अजून तसाच उभा राहतो का गं?" मी म्हटलं, मी अंदाजे मापं सांगत नाही. या रविवारीही न्यायला तीच येणार आहे. अकरालाच.