चीक खाताना वन्सं आल्या

आवं सुभेदारसाहेब,

मेल्या माणसाला कुणी पत्र लिहितं का, म्हणाल. पण तोंडानं सांगायची लाज वाटतीया. फोटोपुढं उभी राहिले, तर तुमी नेहमीसारखं रोखून बघताय. म्हणून लिहितीया.

काल रविवार. संदीप शिरवळच्या कंपनीतनं सुट्टीवर आलाय. आमी मायलेकरं आठला उठलो! व्हय, आठला! तुमी असताना रविवारीबी सहाला अंगणात इन्स्पेक्शन. चपला रांगेत, बादल्या रांगेत. तुमी पेन्शनीत आलासा, पण मला कवा सुट्टी दिलीसा का?

ऊन आता कुठं चटकाय लागलंय. आंबा मोहरलाय. त्याच्याखाली बाज टाकून बसलो. तुमचं वरीस सरलं न्हाई म्हणून आपल्यात औंदा कुरडया न्हाईत, तर शेजारच्या मंगलनं तिच्या कुरडयांचा ताटलीभर गरम चीक आणून दिला. वर कच्चं तेल. आवं, काय लागला म्हणून सांगू! दरवर्षी सगळा तुमच्याच ताटात जायचा. तू खाल्लास का, म्हणून एकदा तरी इचारलंसा?

मग संदीपनं तुमची टोपी घातली आन् बादल्यांपुढं उभा राहून तुमच्याच आवाजात वराडला, "ही तिसरी वाकडी का?" मी पोट धरून हसले. तुमी गेल्यापासनं पहिल्यांदाच.

तेवढ्यात फाटक वाजलं. आष्ट्याच्या वन्सं! तुमची धाकटी बहीण.

आन् मी काय करावं? ताटली बाजंखाली सारली, डोईवर पदर ओढला आन् गळा काढला, "मला टाकून गेलासा की वो!" संदीप टोपी घालून बघतच राहिला.

वन्सं शेजारी बसल्या. पदरानं माझी हनुवटी पुसली. "वैनी, चीक लागलाय," म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "दादासाठी रडतीस, का मला भिऊन?"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं बघा. हसल्याची लाज न्हाई वो. तुमच्यासाठी मला खरं रडू येतं, भाजी निवडताना येतं, नळाला पाणी भरताना येतं. आन् काल तुमच्या नावानं मी खोटं रडले! तेबी तुमच्या सख्ख्या बहिणीपुढं!

आता शब्द देते. हसू आलं की हसणार, मग दारात कुणीबी येऊ द्या. तुमच्यासाठीचं रडणं मात्र कुणाला दाखवायला काढायची न्हाई. ते आपल्या दोघांतलं हाय.

तुमचीच,
शालन