गल्लीत श्रद्धा उरलेली नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

घरी पोचलो. स्टेशनवर कुणीही आलं नव्हतं.

हे आधी लिहून ठेवतो. राग विरला की माणूस माफ करून टाकतो, आणि मला माफ करायचं नाही. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून मुदतीआधी उठून दोन वर्षं मी छत्तीसगडच्या जंगलात मिशनच्या आश्रमशाळेत काढली. परवा निघालो तेव्हा अख्खं गाव ढोल वाजवत बसपर्यंत आलं. मुलं रडली. आणि सोलापूर स्टेशनावर? हमालसुद्धा दुसऱ्याच्या बॅगेकडे गेला.

रुद्राणीला फोन केला. म्हणाली, "पाणी आलंय की हो आज. पाच दिवसांनी आलंय. तुम्ही रिक्षानं या."

पाणी! नवरा दोन वर्षांनी येतोय आणि बायको पाइप धरून उभी. घरी आलो तर जिन्यात कळश्या, हौदात पाइप, आणि अप्पा घरात नाहीत. ब्याऐंशी वर्षांचे वडील, मुलगा यायच्या दिवशी शेजारच्या रेवणप्पा रिक्षावाल्याकडे जाऊन बसलेत.

निघताना मिशनचे स्वामीजी म्हणाले होते, "नंदीशजी, आता घरी जा. आपल्या माणसांत काम करा." त्याचा अर्थ आज कळला. खरं जंगल हे आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

निरीक्षणाचा दिवस. डोकं फिरलं.

अप्पा सकाळी पूजेला बसले. कपाळावर विभूती, तळहातावर इष्टलिंग, डोळे मिटलेले. लहानपणापासून बघतोय, पूजा चालू असताना घरात भांडं वाजलं तरी अप्पांचा संताप व्हायचा. आज पूजेच्या मध्यात फोन वाजला. अप्पांनी तो उचलला! एका हातात लिंग, दुसऱ्या हातात मोबाइल. कानडीत म्हणाले, "बर्तीनी," म्हणजे येतो. दोन मिनिटांत पूजा आटोपून काठी घेऊन बाहेर.

मी जाब विचारला. अप्पा फक्त म्हणाले, "सुम्न कूड." म्हणजे गप्प बस. चोपन्नाव्या वर्षी!

निर्णय : येत्या गुरुवारपासून गच्चीवर श्रद्धा-वर्ग. पहाटे साडेपाच. सर्व वयोगटांना सक्तीचा. जंगलातली मुलं थंडीत अनवाणी यायची, यांना जिना चढायला काय होतंय? गल्लीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. अकरा अंगठे आले. अकरा म्हणजे सुरुवात चांगली आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कुणीही आलं नाही.

अंगठे दाखवणारे अकराही नाहीत. सहापर्यंत वाट पाहून खाली उतरलो आणि दारं ठोठावत निघालो. मडिवाळप्पाच्या इस्त्रीच्या दुकानाला शटर. अप्पांचं अंथरूण रिकामं. रेवणप्पाची बायको हेमावती दारात सडा घालत होती. तिला म्हणालो, वर्गाला का नाही आलात? ती म्हणाली, "सर, आज ह्यांचं डायलिसिस की. अप्पांचा वार हाय आज. मडिवाळप्पा गाडीवरनं घेऊन गेला दोघास्नी."

मग रुद्राणीनं सविस्तर सांगितलं. रेवणप्पाच्या दोन्ही किडन्या गेल्यात. मंगळवार, गुरुवार, शनिवार. एकदा मशीनला लावलं की चार तास. कुणीतरी जवळ बसावं लागतं. रिक्षा बंद झाल्यापासून हेमावती कडक भाकरीची ऑर्डर घेते, तिनं भाकरी सोडली तर चूल पेटायची नाही. म्हणून गल्लीनं वार वाटून घेतलेत. मंगळवार रुद्राणीचा, गुरुवार अप्पांचा, शनिवार मडिवाळप्पाचा. मी नुकताच आलोय म्हणून परवाचा मंगळवार तिच्याऐवजी अप्पांनी केला.

मला का कळवलं नाही, असं विचारलं. म्हणाली, फोनवर सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मी प्रार्थना करतो.

केली असणार.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की आठवड्यातले तीन दिवस ही गल्ली पहाटे उठते, आंघोळ करते, आणि मग देवाला सोडून दवाखान्यात जाते. पाच मिनिटं आधी गच्चीवर यायला काय हरकत होती?

९ फेब्रुवारी, रविवार

वर्ग संध्याकाळवर नेला होता. संध्याकाळी हेमावतीच्या पडवीत बायका भाकरी थापायला जमतात. मी गच्चीवरून "श्रद्धा म्हणजे..." म्हटलं की खालून थप थप थप. मधे हसणं. कुणीतरी तेलुगूत काहीतरी बोललं आणि सगळ्या हसल्या. माझ्यावरच असणार.

आज रविवारची सकाळ ठरवली. आज पाणी आलं.

हे शहर मुद्दाम करतंय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

निषेध म्हणून उपवास सुरू केला. किमान दहा माणसं वर्गाला येईपर्यंत अन्नत्याग. ग्रुपवर जाहीर केलं. पुन्हा अकरा अंगठे. लोकांना अंगठ्याचा अर्थ कळत नाही.

दुपारी : ठाम आहे.

जरा वेळानं : रुद्राणीनं आग्रह केला नाही. एकदाही नाही. ताट झाकून ती हेमावतीकडे गेली. ताटात शेंगाचटणी होती. उपवासाला शेंगदाणे चालतात आणि शेंगाचटणीत शेंगदाणेच असतात. लसणाबद्दल आणि भाकरीबद्दल शास्त्रात मतभेद असावेत. दही तर चालतंच.

संध्याकाळी रुद्राणीनं रिकामं ताट घासून फळीवर ठेवलं. त्याचा जास्त राग आला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी

संधी आली आहे!

जिन्यातल्या पाण्यावरून रुद्राणीचा पाय घसरला. घोटा सुजलाय. आज तिचा वार. मडिवाळप्पा लग्नासाठी अकलूजला गेलाय, अप्पा दमलेत आणि परवा त्यांचा वार आहेच. रुद्राणी म्हणाली, "तुम्ही जाल का? नुसतं बसायचं असतंय."

नुसतं बसायचं! दोन वर्षं मी पन्नास मुलांना बसवलं. चार तास, हलू न शकणारा श्रोता. विषय ठरवलाय : दुःख आणि श्रद्धा. आजवर रेवणप्पाला कुणी हे नीट समजावून सांगितलंच नसणार. गल्लीनं त्याला दवाखान्यात नेलं, पण पुढं नेलं का?

संध्याकाळी

प्रवचन अपुरं राहिलं. दवाखान्यात वातावरण पोषक नव्हतं. बाकी विशेष काही घडलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

विशेष घडलं. लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

सुरुवात चांगली झाली होती. रेवणप्पा मशीनला लागला, मी स्टुलावर बसलो, घसा साफ केला. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा, त्याच्याजवळ त्याची बायको केराबाई. जेऊरहून पहाटेच्या रेल्वेनं येतात म्हणे. तीही ऐकत होती. रेवणप्पा मान हलवत होता. "व्हय सर... बराबर हाय सर."

दुसऱ्या तासाला तो जांभया देऊ लागला. मला वाटलं, कंटाळला. मी आवाज वाढवला. मग त्याच्या कपाळावर घाम आला. एवढा, की उशी भिजली. ओठ पांढरे. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हात पुढं केला. म्हणाला, "सर, कसंतरी हुतंय."

आणि मी उठलो.

सिस्टरला बोलवायला उठलो, असं लिहिणार होतो. नाही. सिस्टर डावीकडे होत्या. मी उजवीकडे गेलो, दार ढकलून बाहेर, व्हरांडा ओलांडून पार पाण्याच्या टाकीपाशी. तिथं नळ सोडून उभा राहिलो. एक मंत्र आठवेना. जो मंत्र मी पन्नास मुलांकडून रोज पाठ करून घेतला, त्याचा पहिला शब्द आठवेना. मागून केराबाईचा आवाज येत होता, "ओ बाई, पळा की! ह्ये बघा की ह्यांचं!"

परत गेलो तेव्हा रेवणप्पाचं डोकं खाली केलेलं, पाय वर, सलाइन चालू. बीपी पडलं होतं, होतं असं कधीकधी, सिस्टर म्हणाल्या. केराबाई आपल्या माणसाला सोडून रेवणप्पाचे तळवे चोळत होती. मला बघून तिनं जागा दिली. मी पुन्हा स्टुलावर बसलो. उरलेला वेळ सलाइनचे थेंब मोजले.

हेही सगळं ठीक होतं. माणूस आहे, नवखा आहे. पण आज सकाळी काय घडलं ते ऐकावं कुणीतरी!

हेमावती भाकऱ्या घेऊन आली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "सर, तुमी हुता म्हणून वाचले. ह्ये सांगत हुते, सरांनीच हाक मारली सिस्टरला, सरांनीच पाय चोळले."

रुद्राणीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बघायची. ताटात शेंगापोळी वाढली. वर तूप.

मी त्याला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं! कोण हा रेवणप्पा? मला क्षमा करायचा अधिकार त्याला कुणी दिला? दहावी नापास माणूस, रक्त मशीनमधून फिरतंय, आणि मनात माझ्या अब्रूची काळजी?

शेंगापोळी दोन खाल्ल्या. तिसरी ताटात तशीच ठेवली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रेवणप्पाला खडसावायला गेलो. हे असं पुन्हा चालणार नाही, असं सांगायचं होतं. तो पडवीत खुर्चीवर बसून भाकऱ्या मोजून पिशव्यांत भरत होता. मी काही म्हणायच्या आत म्हणाला, "या सर. पयल्यांदा समद्यास्नीच भ्या वाटतंय. मडिवाळप्पा तर पयल्या दिवशी पडला हुता, त्याला दुसरी खाट द्यावी लागली."

मी म्हणालो, मला भीती वाटली नव्हती.

तो म्हणाला, "न्हाय की." आणि पिशवीला गाठ मारली.

अशा माणसाशी वादच घालता येत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं. मी मिशनला परत जाणार. या शहराला माझी गरज नाही आणि लायकीही नाही.

स्वामीजींना फोन लावला. रेंज जात-येत होती. माझ्या वर्गाला नवीन शिक्षिका आल्या आहेत. मुलं आनंदात आहेत. मी म्हणालो, पण मंत्रपठण? स्वामीजी म्हणाले, त्या मुलांना गाणी शिकवतात, आता गैरहजेरी नसते. मग विचारलं, वडील कसे आहेत? घरचे कसे आहेत? मी म्हणालो, इथं श्रद्धा उरलेली नाही. स्वामीजी हसले, की रेंज गेली, कळलं नाही.

त्यांना माझी अडचण समजली नसावी. तरी मी जाणार. त्यांना न विचारता गेलो तर ते थोडेच बाहेर काढणार आहेत?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अप्पा दवाखान्यातून आले ते भिंतीला धरून. चक्कर आली. डॉक्टरांनी सांगितलं, आता या वयात ही धावपळ बंद.

अंथरुणावर पडल्या पडल्या अप्पा छताकडे बघत होते. मी विचारलं, चार चार तास तुम्ही रेवणप्पाशी बोलता तरी काय? अप्पा म्हणाले, "बोलायचं काय त्यात? तो झोपतो, मी बसतो. जाग आली की बघतो, हाय का कोन. मी असतो."

एवढंच? विचारलं.

"येवढंच," म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अप्पांच्या डोळ्यांत पाणी मी आई गेली तेव्हा पाहिलं होतं. वार गेला म्हणून रडतात! मला राग आला. पण कुणाचा, ते नक्की करता आलं नाही. पाय दाबत बसलो. ते झोपले.

२ मार्च, रविवार

आज शेवटचं प्रवचन. उद्या बॅग भरायची.

मंडपवाल्याकडून स्पीकर आणि माईक आणला. अंगणात सतरंजी घातली. ग्रुपवर लिहिलं : शेवटची संधी, संध्याकाळी पाच. विषय : श्रद्धा म्हणजे काय. रुद्राणीला सांगितलं, कुणी आलं नाही तरी मी बोलणार, भिंतींशी बोलणार. ती म्हणाली, "येतील की."

आणि आले!

एकेक करत अख्खी गल्ली. मडिवाळप्पा, भाकरीवाल्या बायका, लंगडत रुद्राणी, काठी टेकत अप्पा, हेमावतीचा हात धरून स्वतः रेवणप्पा. सतरंजी पुरेना, मागचे जिन्यात बसले. मी माईक चालू केला. वाटलं, दोन वर्षांचं आणि एका महिन्याचं सार्थक झालं.

मी तोंड उघडलं तेवढ्यात मडिवाळप्पा म्हणाला, "वैनी, करायची ना सुरुवात?"

रुद्राणी म्हणाली, हो, आणि उभी राहिली. बैठक तिनं बोलावली होती. माझ्या मेसेजच्या खाली तिचा मेसेज होता, मी खाली वाचलंच नव्हतं. विषय : अप्पांचा गुरुवार कुणी घ्यायचा. शिवाय हेमावतीची आई अक्कलकोटला आजारी, ती चार दिवस जाणार, तेव्हा भाकरीच्या ऑर्डरी कुणी बघायच्या.

भाकरीचं लगेच ठरलं. तीन बायकांनी हात वर केले. गुरुवारचं ठरेना. कुणाची शिफ्ट, कुणाची शाळा. मी माईक धरून मध्यभागी उभा, देवळातल्या समईसारखा.

तेव्हा रेवणप्पा बोलला. "मला सर चालतील."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. सगळ्या गल्लीत एकट्या त्याला माहीत होतं मी कुठल्या दारानं बाहेर पडलो होतो.

"सरांना येळ असला तर," तो म्हणाला. "न्हाईतर काय हरकत न्हाय."

अप्पा माझ्याकडे बघत होते. रुद्राणी सतरंजीकडे. माझं प्रवचन तयार होतं. पहिलं वाक्य संस्कृत होतं, ते पाठ होतं. उद्याची बॅग होती. निदान "विचार करून सांगतो" म्हणायला हवं होतं.

"चालेल," मी म्हणालो.

लगेच सगळे उठले. गुडघे झटकले, चपला शोधल्या. प्रवचनाला कुणी थांबलं नाही. विषय काय होता, कुणी विचारलंही नाही.

माईक चालूच होता. चौकातल्या पानटपरीपर्यंत ऐकू गेलं म्हणे. आता शब्द मागे घेता येणार नाही.