बाच्या लग्नाची साडी

९ एप्रिल २०१८, सोमवार

लग्न ठरलं — आई-बाचं! धाकट्या भावाचा, मिथुनचा फोन आला. बोलण्यापेक्षा हसतच जास्त होता. मला उधव्याहून मागणी आलीय ना, म्हणून ही घाई. आमच्यात लग्न लावते ती धवलेरीबाई. तिने बाला सांगितलं, "तुमचं लागल्याशिवाय पोरीचं कसं लावू?" सव्वीस वर्षं एका चुलीवरचं जेवलेत दोघं, आम्हाला वाढवलं. मांडव तेवढा राहून गेला. पाड्यात कुणाला त्याचं काही वाटत नाही. धाकल्याकाकाचं तर मुलाच्याच मांडवात लागलं होतं.

डहाणूत, मी राहते-काम करते तिथे, मात्र हे सांगायची सोय नाही.

१२ एप्रिल

रजा मागितली. "कोणाचं लग्न?" जतीनशेठनी विचारलं. मावसबहिणीचं, मी म्हणाले. तीन वर्षांत त्यांच्या या साड्यांच्या दुकानाने मला गिऱ्हाइकाला "आवो बेन" म्हणायला शिकवलं, मॅचिंग टिकली लावायला शिकवलं. खोटं बोलायला कधी शिकले कोण जाणे. जराही अडखळले नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

१३ एप्रिल

गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरवर माझ्या शेजारी उभी राहणारी ऋचा मोबाइलवर मोठ्याने वाचत होती — आदिवासींमध्ये आधी मुलं, मग लग्न. "मुंबईच्याही पुढे गेले की हे!" सगळे हसले. मग माझ्याकडे वळून, "तुमच्या तलासरीकडे असं असतं का गं?"

"पूर्वी असायचं," मी म्हटलं.

पूर्वी! तीन आठवड्यांवर मांडव आलाय.

१७ एप्रिल

हे लिहायचं नव्हतं. लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

दुपारी बा दुकानात आला. पहिल्यांदाच. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. तलासरीत काय साड्या मिळत नाहीत, असं माझ्या मनात आलं. ऋचाने विचारलं, "काका, मुलीच्या लग्नाची हवी का?"

"नाय. माझ्याच लग्नाची."

ऋचाने ओढणीत तोंड लपवलं. शेठही हसले. बाने माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणाले, "काका, कुठला रंग दाखवू?"

काका. सख्ख्या बापाला.

तो गादीच्या अगदी कडेला टेकला. "तुम्हीच काढा, बाई. मला त्यातलं कळत नाय." मी वीसेक साड्या उलगडल्या. शेवटी लाल काठाची पिवळी काढली, आईला पिवळा खुलतो. "घरी आवडेल ना?" असंही विचारलं, निर्लज्जासारखं. "तुम्ही काढली म्हणजे आवडंल," म्हणाला. पिशवी काखेत धरून गेला. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. गिऱ्हाइकाला विचारते की रोज!

१८ एप्रिल

ऋचाने बाची नक्कल करून दाखवली. मी घड्या घालत राहिले.

२५ एप्रिल

मिथुनचा फोन. साडी सगळ्यांना आवडली. "कुणी काढून दिली?" असं त्याने बाला विचारलं. "दुकानातली बाई होती एक. चांगली होती," एवढंच बा बोलला.

घरी जायला तोंड नाही. आणि जाऊ नये, तर लग्न आई-बापाचं. लाज वाटते. बाची नाही, माझी.

७ मे

काल लागलं. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला होता, धवलेरीबाई गात होती. त्याआधी आईला साडी नेसवताना मला रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं. आई निऱ्या धरून उभी. म्हणाली, "मीच त्याला सांगून धाडलेला — तिथं पोरीला ओळख देऊ नको. तिला त्या लोकांत ऱ्हायचंय. त्याला निस्तं तुला दुकानात उभी बघायचं व्हतं."

म्हणजे बा घरून निघाला तोच परका होऊन. मी "बा" अशी हाक मारली असती, तर काय बोलावं ते त्याला सुचलं नसतं.