हिरवी टिक

गुरुवार, संध्याकाळ. लॅब, इंद्रलोक परिसर.

सरांना माझी सही हवी होती. बॅकअपच्या रजिस्टरवर. अजून डोकं तापलंय.

आमच्या लॅबच्या सर्व्हरवर लाखो बारक्या फाइल्स आहेत, एकेका पेशंटच्या रिपोर्टच्या. एकच मोठी फाइल पटकन कॉपी होते; ही चिल्लर एकेक करत सकाळपर्यंत संपत नाही. म्हणून माझ्या आधीच्या माणसाने कॉपी सकाळी सातला आपोआप बंद पडेल अशी सोय केलेली. अर्धवट राहिली तरी स्क्रीनवर हिरवी टिक. सगळे खूश!

आज मुद्दाम बॅकअपमधून एक रिपोर्ट परत काढून पाहिला. पालीच्या फिलोमिना आजींचा. त्यांच्या नावाचा फोल्डर होता. आत काहीच नाही. उद्या सर्व्हर बसला तर?

सरांना दाखवलं. म्हणाले, "अगं, हिरवी टिक येतेय ना? तपासणीवाले तेवढंच बघतात. सही कर."

"सर, आजी डॉक्टरला काय ती टिक दाखवणार?"

चिडले की ते हिंदीत जातात. "ज़्यादा होशियार मत बन."

घाबरले का मी? घाबरले थोडी. पण जागेवर येऊन आजचे सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये बांधले आणि बॅकअपला पाठवले. चहा संपायच्या आत पोचले. परत उघडून पाहिले, सगळे आहेत. जुने सगळेही असेच बांधणार, कोणी सांगो न सांगो.

आणि सही? केली की. आधी लाल पेनाने लिहिलं, 'जुना बॅकअप अपुरा, तपासलेला फोल्डर रिकामा.' त्याच्या खाली केली, पूर्ण नावानिशी.