लेकीच्या गेममधली गाणी

४ ऑक्टोबर, मंगळवार

शेजारच्या टेबलावरच्या मचमच्यानं आज सफरचंद आणलं. सबंध सफरचंद! माझ्या कानापासून हातभर अंतरावर. कच्च — मचाक — मचाक — आणि शेवटी दातांत अडकलेलं जिभेनं ओढून काढायचा तो चूक् असा आवाज. शी! कुणा आजीबाईंची वरची कवळी घासत होतो. लक्ष उडालं आणि सुळा नको तितका घासला गेला. आता तो काढून दुसरा बसवा.

त्यात दातांच्या लॅबच्या मालकीणबाईंचा नवा फतवा. कामाच्या वेळेत मोबाईल बाहेरच्या कपाटात. कुणीतरी पेशंटच्या साच्यांचे फोटो काढून नेटवर टाकले म्हणे. एकानं शेण खायचं आणि तोंड सगळ्यांनी धुवायचं. म्हणजे कानात बासरी लावून बसायची माझी सोय गेली. आता दिवसभर ती मचमच.

बावीस वर्षं लोकांच्या तोंडांचे साचे हाताळतोय. त्यांची कधी किळस आली नाही. जित्या तोंडांची येते.

५ ऑक्टोबर, बुधवार

आज बिस्किटं. चहात बुडवून!!

६ ऑक्टोबर, गुरुवार

लेकीच्या कपाटात तिचं जुनं गेमचं यंत्र सापडलं. दोन पडद्यांचं, डबीसारखं मिटणारं. कोपऱ्यावर नेलपॉलिशचा डाग. जुलैत हॉस्टेलवर गेली तेव्हा इथंच ठेवून गेली.

ही म्हणाली, "त्यात गाणी वाजतात की. तिनंच काहीतरी बसवलं होतं."

"कसं लावायचं, विचार तिला," म्हटलं.

हिनं फोन लावला. मी बाजूच्या खोलीत. फोन स्पीकरवर, सगळं ऐकू येत होतं. गाण्यांचा प्लेअर कंपनीचा नाही म्हणे. हौशी लोक घरी बसून असले प्रोग्राम लिहितात आणि फुकट वाटतात. कार्डावर उतरवून घ्यायचा, कार्ड आत सरकवायचं. "बाबांना सांग, झाकण मिटलं तरी गाणं बंद पडत नाही. खांद्यावरची दोन बटणं पुढच्या-मागच्या गाण्याची." एवढं सांगून तिनं फोन ठेवला. बाबांना बोलायचं आहे का, असं तिनं विचारलं नाही. मीही उठलो नाही.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

मालकीणबाईंना यंत्र दाखवलं. मोबाईल नव्हे, खेळणं आहे म्हटलं. उलटंपालटं करून बघितलं. "या वयात?" आणि हसल्या. हसताना वरची हिरडी सगळी उघडी पडते. अहो, दातांच्या धंद्यात आहात ना बाई!

पण परवानगी मिळाली.

८ ऑक्टोबर, शनिवार

घरगुती मालाच्या घरगुती खोड्या. या प्लेअरला मराठी अक्षरं वाचता येत नाहीत. बासरीच्या सगळ्या फायलींची नावं मी मराठीत दिली होती, तर पडद्यावर नुसते चौकोन! चौकोन, चौकोन, चौकोन. कुठलं काय, देवाला ठाऊक. नाव जरा लांब असलं की यंत्रच गोठतं. मग बंद करा, चालू करा. डावा कान वाजतो, उजवा मनात आलं तर.

पण चालतं! झाकण मिटून ॲप्रनच्या खिशात टाकलं आणि दिवसभर बासरी. शेजारी मचमच्याचा जबडा हलतोय आणि आवाज शून्य. पाण्यातल्या माशासारखा. दुपारी मला खुणा करायला लागला. कान काढला, तर म्हणतो, "एकटेच काय ऐकता? एक कान आम्हालाही द्या की!"

त्याचा कान. माझ्या इयरफोनात! घरी येऊन इयरफोन धुतला. त्यानं हातही लावला नव्हता, तरी धुतला.

११ ऑक्टोबर, मंगळवार

खिशात बटण दाबलं गेलं आणि प्लेअर भलत्याच फोल्डरमध्ये शिरला. तिथंही चौकोनच. वाटलं, लेकीची गाणी असतील. एक लावलं. गाणं नाही. ताटं-वाट्यांचे आवाज, आणि एक पुरुष बोलतोय. बहुतेक नाटक असावं. कॉलेजात करतात तसलं.

"चावतेस का दळतेस? तोंड मिटून खा." मग — "दात काढून हसतेस कुणाला? आरशात बघितलेत स्वतःचे?"

मुलगी चकार शब्द बोलत नाही. फक्त चमचा थांबतो.

नट बेताचा. नाकात बोलतो, प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करतो. पण माणूस उभा केलाय अगदी. ओरडत नाही, हे विशेष. सावकाश, एकेक शब्द तोलून घालतो, समोरच्याच्या ताटात केस टाकावा तसा. मला इतकी शिसारी आली की बंद केलं. असल्या माणसासमोर बसून दोन वेळा कोण जेवत असेल!

१२ ऑक्टोबर, बुधवार

डबा खायला आज मुद्दाम जिन्यात जाऊन बसलो. नाटक पुढं काय होतं ते ऐकावं म्हणून. दुसरी फाईल. पुन्हा ताटं. तोच पुरुष. या वेळी मुलीच्या पाठीला पोक येतंय, हा विषय. मग आवाजावर घसरला — "बोलतेस तर असं, जशी सर्दी झालेली कोंबडी."

मग बाईचा आवाज आला. हळू.

"अहो, जेवू द्या ना तिला."

तो 'अहो' मी बावीस वर्षं ऐकतोय. डब्यातला घास तोंडात तसाच राहिला. कितीतरी वेळ.

स्वतःचा आवाज असा असतो हे कुणी सांगत नाही. आतून वेगळा वाटतो. आतून मला वाटायचं, मी गंमत करतोय.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

अशा फायली एकतीस आहेत. सगळ्यांत ताटं वाजतात. नऊ ऐकल्या. नवव्यात मी तिच्या खाण्याची नक्कल करतोय. मचाक, मचाक. हुबेहूब. आणि मग एकटाच हसतोय.

काम झालं नाही. मालकीणबाईंनी विचारलं, बरं नाही का? नाही म्हटलं.

संध्याकाळी हिला स्वयंपाकघरात गाठलं. यंत्र ओट्यावर ठेवलं.

"हे काय आहे?"

तिनं हात पुसले. घाबरली नाही. मला वाटलं होतं घाबरेल.

"आवाज रेकॉर्ड होतो त्यात. जेवताना मांडीवर असायचं तिच्या. तुम्हाला वाटायचं, गेम खेळते."

"तुला माहीत होतं?"

"ती म्हणायची, एकदा बाबांना ऐकवू या. त्यांना कळत नसेल. मी नको म्हटलं."

"का?"

"तुम्ही म्हणाला असता, बघा, माझंच बोलणं चोरून टिपता." मग म्हणाली, "म्हणाला असता ना?"

म्हणालो असतो. अगदी याच शब्दांत. आताही तोंडापर्यंत आलंच होतं.

१५ ऑक्टोबर, शनिवार

उरलेल्या सगळ्या फायली काल ऐकून संपवल्या. आज मी स्वतः फोन लावला. तिसऱ्या घंटीला उचलला.

"आई बरी आहे ना?" हेच पहिलं. बापाचा फोन म्हणजे कुणीतरी आजारी!

बरी आहे, म्हटलं. घसा साफ केला — आणि त्या आवाजानं मीच दचकलो. पलीकडे ती एकदम गप्प झाली. बोलणी खायची तयारी करून बसतात, तशी गप्प.

"ते तुझं... गेमचं. छान चालतंय," म्हटलं. "नावं दिसत नाहीत फक्त."

"इंग्रजीत लिहा नावं, मग दिसतील." मग, "सगळे फोल्डर उघडलेत का, बाबा?"

"नाही," म्हटलं. "बासरीचाच उघडलाय."

"बरं," म्हणाली.

तिला कळलं. मला कळलं की तिला कळलं. आणि दोघांनीही फोन ठेवला.

एकतीस फायली कानांनी ऐकल्या आणि तोंडानं 'नाही' म्हणालो. थू! मचमच्या निदान स्वतःचं सफरचंद खातो, दुसऱ्याचा घास नासवत नाही.

एक तास बसून राहिलो. मग पुन्हा लावला. उचलल्या उचलल्या म्हटलं, "उघडले. सगळे ऐकले." एवढंच जमलं. ती रडली की हसली, ओळखू आलं नाही. फोन तोंडापासून लांब धरला होता तिनं. नंतर म्हणाली, "मेस बंद होईल, जाते मी."

१६ ऑक्टोबर, रविवार

जेवताना हिला म्हटलं, हे वर्ष संपलं की तिला इथल्या कॉलेजात आणता येईल का, बघू या. हिनं माझ्या ताटात वाढलं, खाली बसली आणि म्हणाली, "इथलं मिळालं होतं तिला. पहिल्याच यादीत. मीच म्हटलं, दूरचं घे."