हाउसवाइफ या शब्दाबाबत आणि माझ्या मिळकतीबाबत

श्री एकवीरा आई प्रसन्न

मी, श्रीमती जानकीबाई बाळाराम मढवी, वय वर्षे बासष्ट, धंदा कापड विणणे, राहणार कोन, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळा एकच आहे, पण त्याने वाचता येते, आणि हा मजकूर मी स्वतः वाचून मगच सही करणार आहे. यापूर्वी मी असे काही लिहिलेले नाही. कुणी माझ्या नावाचा दुसरा कागद पुढे केला तर तो खोटा समजावा.

वकिलांचे कारकून चांगदेव यांनी कच्च्या मसुद्यात माझ्या नावापुढे 'धंदा – हाउसवाइफ' असे लिहिले होते. मी ते खोडायला सांगितले. ते म्हणाले, "आजी, सगळ्या बायकांचं हेच लिवतात." मी म्हटले, "म्हणून तर खोडा." त्यांनी खोडले. माणूस भला आहे.

कलम १. निजामपुऱ्यातील लूमचा गाळा आणि कोन येथील राहते घर, या दोन्ही मिळकती माझ्या एकटीच्या नावावर आहेत. त्या माझ्या नावावर कशा आल्या हे माझ्या मुलाला सोयीस्करपणे आठवत नाही, म्हणून इथे लिहिते.

आमची शेती खाडीकाठची, भाताची. माझ्या यजमानांनी, कै. बाळाराम यांनी, निजामपुऱ्यात गाळा घेऊन चार लूम टाकले. टाकले त्यांनी, चालवले मी. आधी दोऱ्याच्या कांड्या भरायला बसले, मग तुटलेली तार जोडायला शिकले, आणि कारागीर गावाला गेले की लूमवर उभी राहायला लागले. पुढे मी उभीच राहिले. यजमान सभा, लग्ने, पंचायत यांत असत. माणूस वाईट नव्हता. लोकांना हवाहवासा होता, घरच्यांच्या वाट्याला कमी येत होता.

सन १९८६ साली चालत्या लूममधून धोटा उडाला. धोटा म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांतून दोरा घेऊन धावणारे लाकूड, टोकाला लोखंड. तो माझ्या डाव्या डोळ्यात बसला. मला ठाण्याच्या दवाखान्यात नेले. यंत्रावर माणूस जखमी झाले म्हणून चौकशीला सरकारी साहेब आले. माझ्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, कान उघडे होते. यजमान साहेबांना म्हणाले, "कामगार न्हाय हो साहेब, माझी बायको हाय. हाउसवाइफ. डबा घेऊन आली होती."

साहेब गेले. मी यजमानांना काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी गोदू आली. गोदू आमच्याच गाळ्यात माझ्या शेजारी बसून कांड्या भरायची. तिला मी विचारले, "गोदू, हाउसवाइफ म्हंजे काय गं?"

ती म्हणाली, "काय तरी चांगलंच असंल. सायबासमोर बोलले ना?"

घरी आल्यावर माझ्या शाळेत जाणाऱ्या मुलीने, विनिताने, मला अर्थ सांगितला. घरात असते ती.

नंतर यजमान म्हणाले, "कामगार बोललो असतो तर गाळ्याला टाळं लागलं असतं. खाल्लं काय असतं?" ते खरे होते, म्हणून तेही लिहिते. पण डोळा माझा गेला होता. रात्री अंधारात का होईना, 'जानके, तू काम करताना जखमी झालीस' एवढे त्यांनी मला एकटीला म्हणायचे होते. मरेपर्यंत म्हणाले नाहीत. उलट तो शब्द त्यांना आवडला, आणि पाहुण्यांपुढेही मी हाउसवाइफ झाले. पट्टी सुटल्यावर मी पुन्हा लूमवर गेले, तीही हाउसवाइफच.

त्या चौकशीच्या धसक्याने, उद्या काही निघाले तर आपल्यावर येऊ नये म्हणून, त्यांनी गाळा आणि घर माझ्या नावावर केले. म्हणाले, "नावापुरतं हाय." कायद्यात नावापुरते असे काही नसते, हे मला आता वकिलांनी सांगितले.

कलम २. आमच्या शेतीतली रस्त्याकडेची जमीन माझ्याकडे नाही, ती का नाही हे लिहिते. यजमान २००१ साली वारले. पुढे गोडाऊनवाले आले. माझे दीर केसरीनाथ आणि माझा मुलगा हितेश यांनी जमिनीचा सौदा केला. विनिताला एक साडी नेसवून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. साडी सुती होती, आमच्या गाळ्यातलेही कापड त्याहून घट्ट. मी कचेरीत विचारले, "काय लिवलंय ते वाचून दाखवा." हितेश सगळ्यांदेखत म्हणाला, "आई, तुला काय कळतंय यातलं? हाउसवाइफ तू." केसरीनाथ हसले. मीही सही केली. त्या जागेवर आता पत्र्याचे गोडाऊन आहे. त्याबद्दल मला कुणाकडे काही मागायचे नाही. मात्र केसरीनाथ यांनी माझ्या मयताला खांदा देऊ नये. लांबून यावे, लांबून जावे.

कलम ३. विनिताची मुलगी रुचिका कॉलेजात इंग्रजी शिकते. तिला मी या शब्दाचे मूळ शोधायला सांगितले. ती जाड पुस्तके पाहून आली आणि माझ्या पलंगावर बसून म्हणाली, "आजी, वाइफ म्हणजे आधी बायको नव्हतंच. नुसती बाई. आणि हाउसवाइफ म्हणजे घराचा कारभार चालवणारी. धान्य, गडीमाणसं, सगळं तिच्या हाताखाली."

"मंग बिघडलं कुठं?"

"बोलता बोलता शब्द झिजला. त्याचाच 'हसी' झाला. त्याचा अर्थ..."

"बोल. मी काय काय ऐकलंय ते तुला म्हायती न्हाय."

"वाया गेलेली बाई. आणि सैनिक सुईदोरा ठेवायला छोटी पिशवी जवळ बाळगायचे, तिलाही हाउसवाइफच म्हणायचे."

"ती बरी. लढाईला तरी बरोबर न्यायचे." मग मी विचारले, "आणि हजबंड?"

"त्यातही घरच आहे. घर ज्याचं आहे तो."

म्हणजे घर दोन्ही शब्दांत आहे, आणि मालक एकाच शब्दात उरला. आपल्याकडेही बायकोला कारभारीण म्हणतात. हाक मारण्यापुरते. त्या दिवशी मी पोरीसमोर रडले. डोळा गेला तेव्हा रडले नव्हते. बँकेतील माझी सगळी शिल्लक रुचिकाला मिळावी. तिने हवे तेवढे शिकावे, आणि लग्नाची घाई करणाऱ्याला हा कागद दाखवावा.

कलम ४. निजामपुऱ्यातील गाळा आणि त्यातील उरलेले दोन लूम विनिताला देत आहे. बाकीचे दोन हितेशने मला न विचारता भंगारात घातले. मी गाळ्यात गेले तेव्हा त्यांच्या जागी फरशीवर तेलाचे डाग तेवढे होते. माझ्या चितेला अग्नी विनितानेच द्यावा.

कलम ५. माझ्या कानातल्या कुड्या गोदूला. तिने त्या मोडू नयेत, घालाव्यात. म्हातारी दिसेन म्हणून लाजू नये, आहेच ती म्हातारी.

कलम ६. हितेशला मी काही देत नाही. त्याला खोकला झाला की मी अजून रात्री जागी होते, ते वेगळे.

कलम ७. कोन येथील राहते घर मी माझी सून सौ. मेघाली हितेश मढवी हिला, तिच्या एकटीच्या मालकीचे म्हणून देत आहे. कारण असे. हितेश आता गोडाऊन भाड्याने लावून देतो, या दिवाळीत त्याच्याकडे गोडाऊनचे लोक फराळाला आले होते. मेघाली भाड्याच्या करारातली चूक दाखवायला गेली. बरोबर बोलत होती. हितेश म्हणाला, "तू चहा बघ. हाउसवाइफनं धंद्यात बोलू नये." ती आत गेली. मी मागोमाग गेले. नळ सोडून ती ओट्यापाशी नुसती उभी होती, हातात भांडे नव्हते. पाठीमागून मला वाटले मीच उभी आहे.

वकिलांकडे यायच्या आदल्या दिवशी मी तिला हे सांगितले. ती घाबरली. म्हणाली, "आई, नको. त्यांना कळलं तर मला घराबाहेर काढतील."

मी म्हटले, "कुणाच्या घराबाहेर?"

तिला विचार करायला वेळ आहे, मी अजून मेलेले नाही.

वरील मजकूर मी वाचला, मला मान्य आहे, आणि खाली नावाने सही केली आहे. अंगठा घ्यायला शाई आणली होती, ती परत पाठवली.

ठिकाण : भिवंडी
दिनांक : १७ नोव्हेंबर २००८

सही : जानकीबाई बाळाराम मढवी

आमच्या समक्ष सही केली :
१. हिरामण पोशा तरे, रा. कोन
२. कमळा विठू केणे, रा. निजामपुरा, भिवंडी